राखेत शोधलेले देव

त्याचं नाव मी विचारलंच नाही. आमचं परंड्याचं घर शिमग्यात जळालं आणि विम्याची भरपाई ठरवायला कंपनीनं सोलापूरहून हा माणूस पाठवला. मी तेव्हा लोहाऱ्याला मास्तर होतो; बातमी कळताच धावत आलो होतो.

डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री. आमच्याकडचा चहा सोडाच, पाणीसुद्धा त्यानं घेतलं नाही. जळक्या तुळया, कपाटं यांच्यावर नुसती नजर टाकून त्यानं विचारलं, "देवघर कुठं होतं?"

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, कोपरा दाखवला. तिथं उकिडवा बसून तो छत्रीच्या टोकानं राख उकरू लागला.

"काय शोधताय, साहेब?" मी चिडून विचारलं.

"तुमचे देव. चांदीचे टाक वितळले तरी गोळा राहतो. स्वतःच घर पेटवणारा माणूस बाकी सगळं जळू देतो, पण देव आधी बाहेर काढतो."

"टाक घरात नव्हतेच," आप्पा घाईनं म्हणाले. "लई काळे पडलते, म्हणून सोनाराकडं उजळायला दिलेत."

सोनाराकडं टाक खरंच निघाले. मला हायसं वाटलं. त्या माणसाला स्टँडवर पोचवायला गेलो, तर गाडीत चढताना तो म्हणाला, "आमच्याकडं टाक नवरात्राच्या तोंडावर उजळतात, मास्तर. तुमच्याकडं?"

आमच्याकडंही तेव्हाच. पण मी काही बोलायच्या आत गाडी हलली.

भरपाई मिळाली, घर उभं राहिलं, देव्हाऱ्यात तेच टाक आले. आप्पा पूजेला बसले, की त्या माणसाच्या नजरेनं मी त्यांच्याकडं बघत राहायचो.