हिराच्या घराला कुलूप

सुमन, मी निघाले त्या दिवशी आपल्या पाणंदीत गाडी वळेना, म्हणून महेशने ती उलटीच हमरस्त्यापर्यंत नेली. 'निघताना मागे वळून बघू नये,' असं माझी आई सांगायची. मला वळावंच लागलं नाही. तू, भावोजी, अंगणातल्या कोंबड्या, सगळी समोरच होतात, लहान लहान होत जाणारी.

लालबागला महेशचं घर एकविसाव्या मजल्यावर. पहिले सहा महिने मला लिफ्टमध्ये एकटीने जायची भीती वाटायची. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई मी, इथे दुपारभर टीव्हीसमोर. शेवटी सूनबाईच म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणीच्या संस्थेत माणसं हवीत. जाऊन बघा ना."

ही संस्था गरीब बायकांना धंद्यासाठी छोटी कर्जं देते. पाच जणींचा गट, दर बुधवारी दादरला बैठक. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. माझं काम बिनपगारी: बाईच्या घरी जायचं, चार गोष्टी विचारायच्या आणि कर्ज द्यावं की नाही ते लिहायचं.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात हिरा भेटली. नवरा गेलेला, मुलगी शाळेत. दारासमोर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. त्या वासाने मला आपल्या मागच्या दारी उभी असल्यासारखं वाटलं, गहिवरूनच आलं. हिराला बर्फाची पेटी घ्यायची होती आणि धक्क्यावरून मासळी उचलायला भांडवल हवं होतं. मी 'द्यावं' असं लिहिलं आणि बैठकीत त्या वासाचं कौतुकही सांगितलं.

सात आठवडे ती वेळेवर आली. मग एका बुधवारी आलीच नाही. फोन बंद. पुढच्या बुधवारीही तेच. गटातली लता, दादरला भाजी विकते ती, माझ्यावरच उखडली. "मावशी, गावचा वास आला म्हणून कर्ज दिलंत काय? आता आमच्या पोरांच्या फीतून भरायचं?"

मी तडक मच्छीमार नगर गाठलं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पंधरा दिवस झाले, दोघी दिसल्याच नाहीत." परतताना बसमध्ये मनाशी ठरवलं, बास झालं. हे शहर मला कळत नाही. त्याच संध्याकाळी तुला फोन केला, कायमची परत येते म्हणाले. कारण सांगितलं नाही. लाज वाटत होती गं.

तिसऱ्या बुधवारी बैठक सुरू असताना हिरा जिना चढून वर आली. एक पाय प्लॅस्टरमध्ये, हात मुलीच्या खांद्यावर. धक्क्यावर घसरली होती, फोन पाण्यात गेला, सगळे नंबर त्यातच. हॉस्पिटलमधून भावाने रे रोडला आपल्या घरी नेलं होतं. ऐकता ऐकता मी उठून तिला माझी खुर्ची दिली.

"मावशी, माझ्या घरी येऊन गेलात ना? पोरगी काल कपडे आणायला गेली, तिला शेजारीण बोलली. काळजी वाटली काय माझी?"

खोटं बोलवेना. "पैशांसाठीच आले होते गं."

ती खो खो हसत सुटली. "चला, खरं तरी बोललात!"

लता मात्र हसली नाही. "पेटी कुठाय तुझी? चावी दे इकडे." माशांतलं ओ की ठो कळत नसताना, हिराचा पाय बरा होईपर्यंत भाजीशेजारी तिने मासळी विकली. रोज शिव्या घालत विकली, पण विकली. मीही तुला पुन्हा फोन केला, इतक्यात येत नाही म्हणून.

मे महिन्यात गावी आले तेव्हा ओटीवर तुला हिराची सगळी गोष्ट सांगता सांगता बोलून गेले, "मंगळवारी घरी पोचायला हवं, बुधवारी बैठक आहे." बोलले आणि जीभ चावली. तू उठलीस. आत गेलीस, सुकवलेल्या कोकमांची पिशवी आणून हातात दिलीस. "ह्यां तुमच्या हिराक."

सुमन, तेव्हापासून माझी ओढाताण थांबली. इथून निघाले की मी घरी जाते, आणि तिथून निघाले की घरीच येते.