कोपऱ्यातल्या काटक्या

पंधरा वर्षांची मुक्ता गच्चीवर तीन विटांच्या चुलीत फुंकर घालतेय. जंगलातल्या शिबिराला जायचंय, तिथं एका काडीत चूल पेटवता यायला हवी म्हणे. पायाशी विझलेल्या काड्यांचा खच पडलाय.

तिच्याएवढी असताना बाबांबरोबर गडावरच्या गुहेत मी भिजून पोहोचले, तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी कोरड्या काटक्या ठेवून गेलं होतं. त्यांवरच आमचा चहा झाला. निघताना बाबांनी मला बाहेरून तेवढ्याच काटक्या वेचून तिथं सुकत ठेवायला लावल्या.

"कुणासाठी?" मी वैतागले होते.

"येईल त्याच्यासाठी."

"आई, पेटली!" मुक्ता ओरडली.

"आता थोड्या काटक्या कोपऱ्यात ठेव."

"कुणासाठी?" तीही वैतागलीच.

गुहेतल्या आमच्या काटक्या कुणाच्या कामी आल्या, हे बाबांना कधीच कळलं नाही. मला आज कळलं: मुक्ताला हे शिकवताना त्या माझ्याच कामी आल्या.