नवीन हाय, बसंल

गालाला सीटचं प्लास्टिक चिकटलेलं आहे. गाडी नवी, म्हणून अजून काढलेलं नाही. आमच्याकडे कुणीच काढत नाही. पिकअप चिंचेच्या सावलीत उभी आहे, मागे हौद्यात पातेली, कढया, गॅसच्या भट्ट्या चढवून झाल्यात, आणि निघायला अजून वेळ आहे, म्हणून मी केबिनमध्येच आडवी झालेय. संध्याकाळी घाटाखाली साखरपुड्याचं जेवण आहे. मी जेवणाच्या ऑर्डरी घेते. हौसाअक्का माझ्याबरोबर पुढे बसते, बाकीच्या बायका मागे भांडी धरून. त्यांचा आवाज येतोय, कुणीतरी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलतंय.

मध्ये कुंभार्ली घाट आहे. आणि माझ्या नव्या गाडीचं स्टेअरिंग वाजतं.

वळवलं की आत कुठेतरी कट् होतं. वर ते ढिलंही आहे. दोन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो, मग एकदम वळतात. सर्व्हिस सेंटरला पुन्हा पुन्हा नेली. त्यांनी गाडी वर उचलून खालून बघितली, चाकं बघितली, अलाइनमेंट केली. तिथला टाय लावलेला माणूस दर खेपेला गोड हसून तेच सांगतो, "नवीन आहे मॅडम, सेट होईल." मागच्या खेपेला म्हणाला, आवाज सीटच्या प्लास्टिकचा असेल. माझा भाऊ धनाजी म्हणतो, वॉरंटीतली गाडी आहे, मी हात लावणार नाही. मिस्त्रीचा मुलगा तो. वडिलांचं गॅरेज मोडून आता तिथे मोबाईलचं दुकान चालवतो.

तर आज या बायकांना गाडीत घालून घाट उतरायचा की नाही, हे मला ठरवायचंय. माझ्या पापण्या जड होतायत. बाहेरचं बोलणं लांब जातं. सून, पातेलं, सून.

कट्.

मी तर स्टेअरिंगला हात लावलेला नाही. डोळे उघडते तर मी शेजारच्या सीटवर बसलेली आहे आणि चालकाच्या जागी आबा बसलेत.

आबा म्हणजे माझे वडील. पाटणला एसटी स्टँडमागे त्यांचं गॅरेज होतं. त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलंय, मीच स्वयंपाक केला होता. अंगात तीच बिनबाह्यांची बनियन, खाकी पँट, हाताला डिझेलचा वास. ते स्टेअरिंग हलवून बघतायत आणि ते पातेल्यावरच्या झाकणासारखं गरगर फिरतंय.

"धना कुठाय?" आबा विचारतात.

मेल्यानंतर पहिल्यांदा भेटतायत आणि पहिला शब्द हा. मला हसू येतं, पण ते चांगलं हसू नाही.

"धना दुकानात हाय. गाडी माझी हाय आबा."

"त्येला हाक मार. स्टेअरिंगचं काम हाय."

"त्यो न्हाई येणार. तुमीच बघा."

ते स्टेअरिंग डावीकडे फिरवतात. गाडी जागची हलत नाही, पण काचेबाहेरचं चिंचेचं झाड वळतं, मागून आमचं घर वळतं, रस्ता वळतो, आणि काचेत गॅरेजचा काळा पत्र्याचा दरवाजा येऊन उभा राहतो.

मी गॅरेजात आहे. अंगात शाळेचा निळा फ्रॉक आहे आणि त्यातून माझे चाळिशीचे हात बाहेर आलेत. जमिनीतल्या खड्ड्यात आबा उभे आहेत, त्यांच्या डोक्यावर कुणाची तरी जीप. मी काठावर उकिडवी बसून बॅटरीचा उजेड धरलाय. हात भरून आलाय, पण खाली करायची सोय नाही.

"हलवू नगंस," आबा खालून म्हणतात. "उजेड हलतोय."

"हात दुखतोय."

"धना, बारा-तेराचा पाना दे."

धनाजी कुठेच दिसत नाही, तरी चुकीचा पाना माझ्यासमोरून सरकत खड्ड्यात जातो. तो नेहमीच चुकीचा द्यायचा. बरोबर पाना कुठला ते मला उजेड धरून धरून कळलेलं असायचं, पण मला कधी कुणी मागितला नाही. मला उजेड धरायला सांगितलेलं होतं आणि मी तो सगळं बालपण धरला.

आबा बोल्ट आवळतात. मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढतात, दातांनी बूच उघडतात आणि बोल्टवरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी एक लाल रेघ ओढतात. ही त्यांची पद्धत. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गिऱ्हाइकाला सांगायचे, रेघ सरळ हाय तवर बिनघोर चालव.

ती बाटली माझी आहे. मामेबहिणीच्या लग्नात मामीनं दिली होती. मी एकाच बोटाला लावून बघितली, तेवढ्यात आबांनी उचलून नेली. त्यांचा पेंट डिझेलनं पुसला जायचा, हा रंग रॉकेलनंही हलत नाही हे त्यांना कळलं, मग त्यांनी दुसरं काही वापरलंच नाही. संपली की त्याच रंगाची नवी आणायचे आणि खिशात ठेवायचे. पाटण तालुक्यातल्या निम्म्या जीपगाड्यांचे बोल्ट लाल होते आणि माझी नखं कोरी.

"माझी बाटली द्या," मी म्हणते.

"तुला काय करायचीय? शाळंत बाई वरडतील."

"मी आता बेचाळीस वर्षांची हाय आबा."

ते खड्ड्यातून वर बघतात. खड्डा आता खूप खोल आहे, त्यांचा चेहरा तळाशी लहानसा दिसतो, आणि तिथून थंड हवा येते, एसीची असते तशी.

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत मी सोफ्यावर बसलेली आहे. टीपॉयवर कागदी कपात चहा. शेजारी आबा, तेलकट पँटीनं पांढऱ्या सोफ्यावर. त्यांना कुणी काही बोलत नाही. काचेपलीकडे माझी पिकअप हवेत उचललेली आहे, हौद्यातून मसालेभाताची शितं खाली पडतायत आणि चारपाच पोरं त्याच भातात उभी राहून खालून चाकं बघतायत.

टाय लावलेला माणूस येतो. गोड हसतो. तोंड उघडतो, आणि आवाज आबांचा येतो.

"नवीन हाय. हळूहळू बसंल जागेवर."

माझा धक्का लागून टीपॉयवरचा चहा सांडतो.

हे वाक्य मला पाठ आहे. लग्न झाल्यावर पहिल्या पंचमीला मी माहेरी आले, तेव्हा ऐकलेलं. सोफा आता सोफा नाही, आमच्या ओसरीचा कट्टा आहे. माझ्या हातावर पंचमीची मेंदी आहे आणि दंडावर नवऱ्यानं पिरगळलेल्याचा निळा डाग. दारात आबा कुणाच्या तरी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घासतायत. मी त्यांना डाग दाखवलाय. सगळं सांगून झालंय. ते घासायचे थांबलेले नाहीत.

"नवीन हाय," ते पाट्याकडे बघत म्हणतात. "नव्या घरात कुरबुर हुतीच. बसंल."

तेव्हा मी गप्प बसले होते. आता नाही बसत.

"काय बसलं, आबा? नऊ वर्षं वाट बघितली मी. काय बसलं?"

ते घासतात.

"लोकांची जीप जरा कुईं केली तरी तुमी ताटावरनं उठायचा. पावसात चिखलात झोपून बघायचा. कोण कुठला डायव्हर यायचा, म्हणायचा, मिस्त्री, आवाज येतोय. तुमी म्हणायचा, आवाज उगाच येत नसतो. त्येला म्हणायचा. मला का न्हाई म्हणाला?"

पाटा घासायचा आवाज थांबतो.

"आयकला व्हता मी आवाज," आबा म्हणतात.

"मग?"

"पाना कुटं लावायचा त्येच कळंना." ते हातांकडे बघतात. "मानसाचं काम मला येत न्हवतं, रत्ना."

दुसरी कुणी असती तर इथे रडली असती. बापाच्या गळ्यात पडली असती. मी मात्र जागची हलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कबूल केलं, तेही मेल्यावर, आणि कबूल केलं ते काय, तर येत नव्हतं.

"गाडी थांबवायला पाना लागत न्हाई आबा," मी म्हणते. "निस्ती थांबवायची. माणसं खाली उतरवायची. मला म्हणायचं, जाऊ नगंस, हितंच ऱ्हा. त्येला कुठला पाना लागत व्हता?"

ते माझ्याकडे बघत नाहीत. जिवंत होते तेव्हा अशा वेळी उठून जायचे, आता जायला जागा नाही म्हणून बसलेत.

मग ते वाकतात. आम्ही पुन्हा केबिनमध्ये आहोत, आता चालकाच्या जागी मी. चिंचेची सावली काचेवर हलते. आबांनी माझ्या पायाशी गुडघे टेकलेत आणि चालकाच्या पायाखालचं रबरी मॅट उचललंय.

"खालनं बघितलं सगळ्यांनी," ते पुटपुटतात. "पाय ठेवतीस तितं कुनी बघितलं?"

"तुमी तरी कधी बघितलं?"

"बॅटरी धर."

"न्हाई धरणार."

ते थांबतात. मग हात पुढे करतात आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा पकडतात. मला वाटतं समजूत काढतायत. तसं काही नाही. बोल्ट घट्ट आहे का बघताना धरायचे तसा धरतात, डावीकडे पिळतात, उजवीकडे पिळतात. दुखतं. मी हात ओढून घ्यायला बघते. त्यांची पकड तीच आहे.

"ढिला न्हाई," ते म्हणतात. जणू मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी.

मग ते खिशात हात घालतात. बूच दातांनी उघडतात. तो वास येतो, लग्नघरातल्या पोरींच्या खोलीतला, गोडसर, डोक्यात जाणारा.

"आबा, आता काय उपयोग?" मी म्हणते.

"रत्ना, ए रत्ना. निघायचं का?"

हौसाअक्का दाराची काच वाजवतेय. माझ्या गालावर प्लास्टिकचे वळ उठलेत. केबिनमध्ये मी एकटीच आहे, ऊन सीटवर आलंय. मागे बायका चढून बसल्यात, भांडी खडखडतायत.

मी खाली उतरते आणि मागे जाऊन म्हणते, "खाली उतरा सगळ्या."

"आता काय झालं?"

"आधी उतरा. मग सांगते."

त्या कुरकुरत उतरतात. मी चालकाच्या बाजूला जाऊन मॅट उचलते, मोबाईलचा उजेड पाडते आणि डोकं आत घालते. स्टेअरिंगचा दांडा जिथे खालच्या दांड्याला जोडलाय तिथे एक बोल्ट आहे. त्यावर कारखान्यातली पिवळी रेघ आहे. निम्मी बोल्टवर, निम्मी शेजारी, आणि दोन्ही निम्म्यांची तोंडं दोन दिशांना. तुटलेली रेघ. एवढ्या खेपा मारल्या, पण मॅट कुणी उचललं नाही.

आबांच्या हत्यारांतलं धनाजीनं मला काही दिलेलं नाही, पण गॅसच्या भट्ट्यांसाठी पाने माझ्याकडे असतात. बरोबर पाना मी पहिल्याच हाताला उचलते. वॉरंटी गेली खड्ड्यात. बोल्ट फिरतो, पुन्हा फिरतो, आणि मग हलायचा थांबतो. मी सगळं वजन टाकून बघते. हलत नाही.

बायकांना सावलीत बसवून मी एकटी गाडी काढते. वरच्या शाळेपर्यंतची चढण, वळण, उतार. परत तेच. स्टेअरिंग वळवलं की चाकं वळतात. आत काहीही वाजत नाही. कुणीतरी अंगावरून हात काढून घ्यावा तसं मला हलकं वाटतं, आणि लगेच राग येतो, कारण एवढंच तर होतं.

परत येते तेव्हा हौसाअक्का पुढे चढून बसते आणि माझ्या हाताकडे बघते.

"नेलपॉलिश कवापासनं लावाय लागलीस?"

"कुठं?"

उजव्या अंगठ्यावर लाल रेघ आहे. नखाच्या मधून निघालेली, नख ओलांडून कातडीवर गेलेली. वाळलेली. घरात माझ्याकडे असली बाटली नाही. आबांनी ती नेली त्यानंतर कधीच नव्हती.

"आणि लावलीस ती बी अशी," अक्का म्हणते. "निम्मी नखावर, निम्मी कातडीवर. वाकडी."

"वाकडी न्हाई," मी म्हणते. "सरळच हाय."

"पूस ती. पावणे हसतील. रॉकेल हाय मागं बाटलीत."

ती रॉकेलचा बोळा करून देते. मी घासते. जोर लावून घासते, नखाच्या कडेची कातडी लाल होईपर्यंत. रेघ तशीच राहते. रॉकेलनं ती हलत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी आणखी थोडा वेळ घासते. मग बोळा बाहेर फेकते, बायकांना बसा म्हणते आणि गाडी सुरू करते. घाट उतरताना प्रत्येक वळणावर स्टेअरिंगवरचा माझा अंगठा मला दिसत राहतो.