वेतकाकांच्या नाकावरचा लाल डाग

वेतकाकांनी चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्या. माणसांशी बोलायचं म्हटलं की ते मान खाली घालून विणत राहायचे, पण झिजलेली बैठक पाहून ते माणूस ओळखत. पुढची कड फाटलेली असली, तर मालकाला कायम निघायची घाई.

अलीकडे गिऱ्हाईक आटलं. मुलाने बजावलं, "बाबा, महिनाअखेरपर्यंत एकही खुर्ची आली नाही, तर दुकानात मी स्कूटर लावणार." काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेने त्यांना दुकानाच्या पाटीपुढे उभं करून फोटो काढला आणि वेबसाइट बनवली.

तीन आठवडे फोन मुका. सुनेने कॉम्प्युटर उघडला. "बाबा, वेबसाइटवर दोनशे चौदा माणसं येऊन गेली! कुणी कुठे बोट दाबलं तेही दिसतं. जास्त दाबलं तिथे लाल."

लाल डाग काकांच्या नाकावर होता.

"माझ्या नाकाने लोकांचं काय घोडं मारलंय?"

काकांनी धसकाच घेतला. डॉक्टरांना नाक दाखवलं. ते म्हणाले, "नाक उत्तम आहे."

"मग दुखणं लोकांना असेल," काकू म्हणाल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकांनी चष्मा लावला आणि बैठक तपासावी तसा तो डाग न्याहाळला. "हे दाबणं नव्हे. डाग एका बाजूला ओढलाय. लोक ढकलताहेत मला. मी कशाच्या तरी आड उभा आहे."

काकूंनी फोटोतली पाटी वाचली. "खुर्च्या विणून मिळतील. फोन नऊ, आठ, दोन, शून्य... आणि पुढे तुमचं डोकं!"

सुनेने जीभ चावली. नंबर पाटीवर आहेच म्हणून तिने तो दुसरीकडे कुठे लिहिला नव्हता. तिने लगेच फोटोखाली ठळक अक्षरांत टाकला.

तासाभरात फोन वाजला. दुपारी एक बाई खुर्ची घेऊन हजर. काकांना पाहताच बाईंचं बोट वर गेलं आणि नाकापाशी थबकलं.

"माफ करा हं. आठवडाभर दाबतेय, हाताला सवयच लागलीय."

काका लाजले. मग म्हणाले, "दाबा एकदाचं."

बाईंनी दाबलं. दोघांनाही बरं वाटलं.

एवढ्यात मुलगा स्कूटर ढकलत दाराशी आला. "बाबा, जरा बाजूला व्हा."

"नाही होत," काका म्हणाले. बाईंची खुर्ची त्यांनी दारातच आडवी ठेवली आणि वेत भिजत घालायला बादली मागवली.