पूर्ण नाव सांगा

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. पाटबंधारे खात्यात नदीची पातळी मोजण्यात माझं आयुष्य गेलं. जे मोजता येत नाही, ते मी लिहीत नाही. हे लिहितोय, कारण राग अजून उतरलेला नाही.

१९७४, श्रावण. कोल्हापूर, राजारामपुरीतलं एक नर्सिंग होम — नाव देत नाही. बायकांच्या खोलीत सहा कॉट. दोन नंबरवर माझी आई. टायफॉइड, चार दिवस पोटात घोटभर पेजेशिवाय काही नाही. पाच नंबरवर बिद्रीच्या एक बाई, मधुमेहाच्या. आणि दोघीही अक्काताई पाटील!

मी दौऱ्यावर होतो, म्हणून माझ्या बायकोने आईला दाखल केलं. तिथल्या क्लार्कने मधलं नाव विचारलं. आई नवऱ्याचं नाव घेईना, बायको सासऱ्याचं. बिद्रीच्या बाईंचंही तेच. त्या गृहस्थाने दोन्ही कागदांवर मधली जागा कोरी सोडली. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं, हे त्याला ठाऊक नव्हतं?

माझे वडील दत्तोबा एकतीस वर्षं कंपाउंडर. पेशंटने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगितल्याशिवाय ते बाटली देत नसत. आई औषधाला गेली तरी खिडकीतून तेच — "पूर्ण नाव सांगा!" आई म्हणायची, "मग ऱ्हाऊ द्या तुमचं औषध!" आणि तशीच घरी यायची. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

तिसरा दिवस, दुपारचे चार. मी दौऱ्यावरून परतलो होतो. नर्सने पुडी सोडली. दोन गोळ्या. "आ करा, आज्जी." मी आईचं डोकं उचलून धरलं... आणि कॉटच्या उशाकडून, जिथे नुसती भिंत आहे तिथून, वडिलांचा तपकिरीने घोगरा झालेला आवाज आला — "पूर्ण नाव सांगा."

आई ग्लानीत होती. डोळे न उघडता म्हणाली, "अक्काताई दत्तोबा पाटील."

तिच्या तोंडून ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पाच नंबरच्या बाई उठून बसल्या. "मी बी अक्काताई पाटीलच की! माझ्या साखरंच्या गोळ्या न्हवं त्या?... आन् नाव इचारलं कोणी? पावणं दिसंनात ते."

नर्सने गोळ्या निरखल्या. घाईघाईने परत पुडीत बांधल्या. साखर उतरवायच्या गोळ्या, उपाशी म्हातारीला!

डॉक्टर म्हणाले, "पोटात गेली का? नाही ना? मग झालं तर. बसा पाटील, चहा घ्या."

"चहा नको. मधली जागा भरायला किती शाई लागते, ते सांगा."

ते हसले. दुसऱ्या दिवशीही जागा कोरीच! शेवटी बिद्रीच्या बाईंच्या मुलाला विचारून दोन्ही नावं मीच माझ्या पेनाने भरली.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिला काही आठवत नव्हतं. पदर तोंडाला लावून म्हणायची, "न्हाय रं, मी कशाला घीन त्यांचं नाव?"

ऐकणारा प्रत्येक जण मला त्या आवाजाबद्दल विचारतो. त्याचा खुलासा माझ्याकडे नाही. पण सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला जे विचारावं लागलं, ते त्या इमारतीतल्या एकाही जिवंत माणसाने का विचारलं नाही — याचाही खुलासा मला अजून कुणी दिलेला नाही.