समुद्र नसलेल्या गावचं देवमासा मंडळ

आमच्या मंडळाचे किस्से म्हणजे उसाचा खोडवा. एक तोडावा, तर बुडख्यातून दुसरा फुटतो. मुळात कोल्हापुरात देवमासे वाचवायचं मंडळ काढणं हाच पहिला किस्सा! समुद्र घाट उतरून पार खाली, आणि आम्ही रंकाळ्यावर बसून त्याची काळजी करणार. नव्वदच्या दशकात जीवशास्त्र शिकवणाऱ्या कांबळे सरांनी हे काढलं. दुसरा सभासद म्हशीवाला बापू. तिसरा मी, नुसता चौकस.

*

गणपतीत आम्ही स्टॉल टाकला. सर सांगत होते, "हा मासाच नव्हे. पिल्लाला दूध पाजतो."

एक गृहस्थ चालता चालता थांबले. "फॅट किती लागतंय?"

सरांनी प्रश्न वहीत टिपून घेतला. माणूस चिकाटीचा. पुस्तकं धुंडाळून त्या गृहस्थांच्या दारात गेले आणि सांगितलं, म्हशीच्या कितीतरी पट.

गृहस्थ विचारात पडले. "आन् धार कोण काढतंय?"

त्यानंतर कित्येक दिवस आमचा एकच विषय. पाण्याखाली पिल्लू दूध पितं तरी कसं?

*

एका महापुरात शिरोळहून फोन आला, "सर, उसात देवमासा आलाय." आम्ही हसलो. सर गेले, तेही नावेतून. पाण्याची काळी टाकी वाहून आली होती. परतल्यावर आम्ही चिडवायला टपलेलोच. सर शांतपणे म्हणाले, "देवमासा समजून दगड तर कुणी मारला नाही ना? फोन केला."

*

कोकणातल्या मच्छीमारांपुढे सरांचं भाषण झालं. जाळ्यात देवमासा अडकला तर जाळं कापून त्याला सोडा, असं. म्हातारे नारायणकाका उठले. "तुमच्या उसात गवो इलो तर काय करतास?"

"हाकलतो की," बापू बोलून गेला.

"आणि आमी जाळां कापूचां?"

सरांकडे उत्तर नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. काकांना बहुतेक तेच आवडलं.

*

कारण पुढे काकांचाच फोन आला. जिवंत देवमासा ओहोटीत वाळूवर अडकलाय, लगेच या. पोचलो तर गावकरी ओली पोती टाकून त्याला भिजवत होते. बापूनं गेल्या गेल्या शेपटीला दोर बांधायला घेतला, चिखलात रुतलेली म्हैस काढतात तसा. सर ओरडले, "शेपटी मोडेल!" बापूनं दोर टाकून घमेलं उचललं. पाणी ओततोय आणि बोलतोय, "दम धरा पावणं, भरती येतीया."

भरती आली. काकांनी स्वतःचं जाळं त्याच्या पोटाखाली सरकवलं. सगळ्यांनी मिळून त्याचं तोंड समुद्राकडे फिरवलं. जाळं फाटलं, पण देवमासा सुटला. आम्ही नाचतोय तोवर तो वळला आणि परत किनाऱ्याकडे यायला लागला. पुन्हा वाळूवर चढला असता तर मेलाच असता. सरांना बघवेना.

बापूच्या घरी पाहुणा 'निघतो' म्हणाला की त्याची चप्पल लपवतात. जेवल्याशिवाय सुटका नाही. तोच बापू छातीभर पाण्यात शिरला, हात आडवे करून उभा राहिला आणि रडत म्हणाला, "पावणं, जन्मात कुणाला जावा म्हटलं न्हाई. तुमास्नी म्हणतोय. जावा."

देवमाशानं जोरात श्वास सोडला, बापूला नखशिखांत भिजवलं आणि वळला. या खेपेला गेला तो गेलाच.

परतताना गाडीत सगळे खुशीत. बापू तेवढा मागं वळून वळून बघत होता. घाट चढून झाल्यावर म्हणाला, "उपाशीच गेला की वो सर."