डॉलीची मिशी राहिली, श्यामलालची गेली

कारध्याचा श्यामलाल वैनगंगेत जाळं टाकायचा. अंगानं काटकुळा, बोलायला मऊ, पण मिशी अशी की डोंग्यातून आधी मिशी उतरायची आणि मागून श्यामलाल. घरात तो, त्याचा म्हातारा बाप मुरारी आणि बायको बेबीबाई. बेबीबाई पुलापलीकडे भंडाऱ्याला घरोघर मासळी विकायची.

सत्त्याहत्तर साली तिच्या एका गिऱ्हाईक बाईंच्या साहेबांची बदली झाली. नव्या घरी कुत्रं चालणार नव्हतं. बेबीबाई टोपलीत मासळी घेऊन गेली आणि टोपलीत कुत्री घेऊन आली. ल्हासा जातीची, मांजरापेक्षा थोडी मोठी, पांढरे केस जमिनीवर लोळणारे. तिचे डोळे शोधावे लागत. नाव डॉली.

रोज केस विंचरायचे, डोळ्यांवरची झुलपं रिबिनीनं बांधायची, कान कोरड्या फडक्यानं पुसायचे, जेवल्यावर दाढी पुसायची, हे सगळं बाईंनी बेबीबाईला सांगितलं. बेबीबाईनं ते श्यामलालला सांगितलं, कारण दुपारभर ती भंडाऱ्यात असायची.

"माह्या डोक्याले तेल लावाले तुले सवड नाही," श्यामलाल म्हणाला, "अन् मी हिची वेणी घालू?"

"वेणी नाही, रिबीन," बेबीबाई म्हणाली.

घरच्या घरी त्याला जमलंही असतं. पण उन्हाळ्यात नदीच्या रेतीत त्याची डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी असे. डॉली त्याच्यामागं तिथं जायची आणि अंगभर गोखरूचे काटे घेऊन यायची. एक काटा काढावा तर केसांची गाठ बसलेली. जाळ्याच्या गाठी सोडवण्यात श्यामलालचा हात कुणी धरला नसता, पण जाळं गाठ सोडवणाऱ्याला चावत नाही. त्यात वैशाखाचं ऊन. डॉली जीभ बाहेर टाकून पडून राहायची. श्यामलालला तिची दया आली आणि कंटाळाही आला. त्यानं खुशाल न्हाव्याला घरी बोलावलं.

खुशालनं जुनी मशीन काढली. डॉली पोत्यावर एखाद्या गिऱ्हाइकासारखी शांत बसली. डोकं, पाठ, पोट सगळं साफ झालं. मशीन तोंडाशी आली तेव्हा खुशालनं सवयीनं विचारलं, "मिशी ठेवू का जी?"

"ठेव," श्यामलालही सवयीनं म्हणाला.

संध्याकाळी बेबीबाई आली. खाटेवर काहीतरी गुलाबी, लांबुडकं बसलेलं, त्याला पांढरी मिशी. तिनं आधी झाडू उचलला. ते जनावर शेपूट हलवत तिच्या पायाशी आलं आणि विंचरून घ्यायला उताणं पडलं, तेव्हा झाडू तिच्या हातून गळाला.

"काय करून ठेवलं हे?"

"उन्हानं मरून राहिली होती ते. थंड वाटन तिले."

बेबीबाईनं पडलेला झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉलीची उघडी कातडी उन्हानं लाल झाली, तेव्हा तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिच्या अंगावर बांधला, तिला पाण्याच्या मडक्याशी सावलीत बसवलं आणि खुशालला बोलावणं धाडलं.

"आता कोनाची करायची?" खुशालनं विचारलं.

"ह्यायची," तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मिशी काढ. यायलेही थंड वाटू दे."

श्यामलालनं एकवार बापाकडे पाहिलं. मुरारीनं तोंड फिरवलं. सुनेपुढं त्याचं काही चालत नसे. श्यामलाल पोत्यावर बसला.

आमच्याकडे बाप गेला की लेक मिशी काढतो, हे रागाच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणीतरी श्यामलालला पुलावर तसं पाहिलं आणि अड्याळच्या बाजारात सांगितलं. अड्याळला त्याची बहीण सखाबाई दिलेली. मिळाली त्या एसटीनं ती निघाली, आणि कारध्याच्या वेशीपासूनच तिनं गळा काढला. गावातल्या दोन-चार बायका काही न विचारता तिच्यासोबत रडायला लागल्या. ती वरात अंगणात आली तेव्हा मुरारी खाटेवर बसून डांगराची फोड खात होता.

"बाबा, तुमी असे कसे गेले जी," म्हणताना सखाबाई थांबली.

"कोठी गेलो?" मुरारी म्हणाला. "आधी पानी पे."

सखाबाई पाणी प्याली. मग तिनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं, मग लुगड्यातल्या कुत्रीच्या तोंडाकडे. "हिची हाये अन् तुही काहून नाही?"

श्यामलाल बायकोकडे पाहू लागला. शेवटी बेबीबाईनंच सांगितलं, आणि सांगता सांगता तिला हसू फुटलं. कुत्री भादरल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. सखाबाईबरोबर आलेल्या बायका तर अंगणातच बसल्या. मुरारी मात्र रुसला. एवढं रडणं आपल्यासाठी आलं आणि अर्ध्यात थांबलं, हे त्याला लागलं.

श्यामलालची मिशी आखाडापर्यंत परतली. डॉलीचे केस यायला पुढचा हिवाळा उजाडला, तेही कुठं आखूड, कुठं लांब. त्यानं तिला पुन्हा वाडीत नेलं नाही. रोज सकाळी जाळं वाळत घातलं की तो तिला मांडीवर घ्यायचा, गाठ आधी बोटांनी सैल करायचा, मग फणी लावायचा. नदीवरचे लोक थट्टा करत.

"तिले दुखते," तो म्हणायचा, आणि फणी हळूच खाली ओढायचा.